मोघा

काचपट्टीवर तपकिरी रंग चढला
की रक्तवाहिन्या वेगळ्या दिसतात.
मी त्या मोजते. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
आज दोनदा चुकले,
कारण पट्टीवरचा नंबर
हगरूकाकाचा होता.

काका तीस वर्षं कालव्याचा पाटकरी.
चुलबंदच्या खोऱ्यात कुणाच्या बांधीला कधी पाणी,
हे त्याच्या चोपडीत. बाकी कुठेच नाही.

रविवारी गेले तेव्हा
पेजेचा वाडगा तसाच बाजूला.
"स्वादुपिंड म्हनजे कुठी असते व?"
पोटामागं, म्हटलं, पाठीला टेकून.
तिथं वर्षानुवर्षं धुपत होतं तुझ्या.
सूज वाईट नसते, काका, ती आरोळी असते:
लागलंय, धावा.
मग पेशी धावतात, कुंपण मोडून वाट करतात,
घाव भरला की आरोळी थांबते.
तुझ्यात थांबली नाही.
पेशीच्या आत एक कळ असते,
नाव नाही तिला, नुसती अक्षरं,
ती दाबलेलीच राहिली.
आणि गाठीनं आरोळी शिकून घेतली.
आग नसताना ओरडते,
नवे पाट फुटतात तिच्याकडे.

"म्हनजे दिगांबर कापगते," काका म्हणाला.
"उन्हाळी धानाची गोष्ट.
पाळी नसताना रातच्यानं बोंबलत आला,
तनसीच्या ढिगाले आग लागली म्हने.
म्या गेट उचललं.
सकाळी पाह्यतो त तनीस कोरडी, जशीच्या तशी,
अन त्याची बांधी तुडुंब."

चोरच की, मी म्हटलं.

"चोर?
पानी त म्या सोडलं."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
अंगणात काकू मोहफुलं उलटीपालटी करत होती.

"मंग मोघाच बुजवला त?"

बुजवून पाहिला, काका,
मोठ्या दवाखान्यांत, कितीतरी जणांवर.
या गाठीचं फारसं बिघडलं नाही.
हिची जमीन मुरमाड, आवळलेली,
पाट पिळून बारीक झालेले,
औषध सोडलं तरी मधोमध पोचत नाही.
थोड्या पाण्यावर जगायची
सवय लावून घेतलीय तिनं.

(आज मोजल्या, त्या अठरा निघाल्या.
अठरा हा चांगला आकडा की वाईट,
त्यानं विचारलं असतं तर
मला सांगता आलं नसतं.)

तो चुना मळत राहिला, तंबाखू नसताना.
"मंग बोंबलनाऱ्यालेच चूप करा न आंधी."
तेच शोधतायत, म्हटलं.
कधीपर्यंत, ते त्यानं विचारलं नाही.

निघताना चोपडी माझ्या हातात दिली,
पोराला नेऊन द्यायला. पान दुमडलेलं.
"मंगळवारी वासुदेव लंजेची पाळी.
त्याले सांगजो,
कोनीबी बोंबलत आला
त गेटाले हात लावाच्या आंधी
पारीवर चढून धूर पाह्यजो."