वाढवायचं?

रुवीतल्या खोलीत, रात्री अकराला,
एसीच्या घरघरीत मी आत्याची सहल आखतो.
नऊ दिवस, पाच शहरं.
दुबईला निळा रंग दिलाय, अबुधाबीला हिरवा,
दोहा एका रात्रीचं, बहारीन दुपारपुरतं,
मस्कत शेवटी, कारण इथं काय, मीच आहे.
सहाव्या दिवशी तीन विमानतळ येतात.
खरं सांगतो, त्या सहाव्या दिवसाचा
मला अभिमान वाटला होता.

व्हिडिओ कॉलवर आत्याला तक्ता दाखवला.
तिनं चष्मा पुसला, पुन्हा लावला, म्हणाली,
"श्रीरंग, यात मी जेवते कधी?"

खेडच्या टेलिफोन एक्सचेंजात एकतीस वर्षं
आत्या हेडफोन लावून बसली.
ही सगळी शहरं तिची पाहून झालीत, कानानं.
नऊशे अडुसष्ट मस्कत, नऊशे चौऱ्याहत्तर दोहा,
पाढ्यासारखं येतं अजून.
कुवेत म्हणजे खरखर.
बहारीन म्हणजे आपलाच आवाज, उशिरानं परत आलेला.
दुबई पटकन लागायची, तुटायचीही पटकन.

बाकड्यावर बायका सकाळपासून,
मुठीत बुकिंगची चिठ्ठी, घामानं विरघळत आलेली.
सांगायचं ठरवून आलेल्या असत:
कौलं, पोराचा ताप, सासऱ्याचं ऑपरेशन.
लाइन लागली की म्हणत, "जेवलात का?"
आणि तेवढ्यात आत्यानं मध्ये शिरायचं,
"तीन मिनिटं झाली. वाढवायचं?"
बहुतेकींकडे तीनचेच पैसे असत.
"कधी कधी मला खोकला यायचा," आत्या म्हणते,
"आणि विचारायचं राहून जायचं."

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत,
"तू पण प्रत्येक गावाला तीन मिनिटं दिलीस रे."

दोहा गेलं. "विमानातून दिसेल तेवढं पुरे."
बहारीन खोडताना ती जरा थांबली, मग खोड म्हणाली.
अबुधाबी जाता जाता, डबा घेऊन.
दुबईत तीन रात्री. पहिल्या संध्याकाळी तो उंच मनोरा, खालूनच.
"आणि दुसऱ्या दिवशी?"
"काही नाही."
"काही नाही म्हणजे, रकान्यात काय लिहू?"
"काही लिहू नकोस."
मला रिकामा रकाना बघवेना. 'आराम' लिहिलं.
तिनं तेही पुसायला लावलं.

"आणि सूर कुठाय यात?"
सूर मी धरलंच नव्हतं.
इथून दोनशे किलोमीटर, समुद्राच्या कडेनं रस्ता.
"दोन रात्री घाल."
मी सांगू लागलो, तिथं कासवं येतात अंडी घालायला,
दीपगृह आहे, लाकडी गलबतं बांधतात अजून हातानं...
ती ऐकत नव्हती.
"जैनबी मुकादमचा नवरा तिथून बोलायचा.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी.
चिठ्ठीवर सूर वाचून मी हसले होते पहिल्यांदा,
म्हटलं, बसा, लावून देते सूर.
त्याच्या बोलण्यामागं एक ठोका यायचा.
टक टक. थांबून, टक.
मला वाटायचं लाइनमधला दोष.
तक्रारसुद्धा लिहिली होती मी वर, तीनदा."

मी गलबतांचं बोलायचा थांबलो.
सूरला रंग कुठला द्यावा सुचेना,
पांढराच ठेवला.

बाराला ती म्हणाली, "ठेवते आता, तुझे पैसे उठतायत."
"आत्या, याला पैसे पडत नाहीत."
"किती झालं?"
"एक तास चार मिनिटं."
ती गप्प. खेडमधला पंखा ऐकू येत होता, मला मस्कतमध्ये.
"मग ठेवू नकोस," म्हणाली,
"असू दे नुसता चालू.
मी भांडी घासून घेते."