मधलं बटण

निपाणीत, अक्कोळ रोडला, तवनाप्पांच्या डीटीपीत
पडदा मोकळा असतो. चित्रं नाहीत, फोल्डर नाहीत,
तंबाखूच्या रंगाचं नुसतं मैदान.
कॉम्प्युटर म्हातारा, नटणं झेपत नाही त्याला,
म्हणून एका रात्री बसून मी चार ओळी लिहिल्या:
मैदानात डावं बटण दाबलं की मराठी यादी,
लग्नपत्रिका, वास्तुशांती, दुःखद निधन.
उजवं दाबलं की कन्नड,
मदुवे, पहाणीचा अर्ज, बिडीचं लेबल.
चाकाला काय द्यावं सुचेना.
तसंच ठेवलं.

दोननंतर शिवलीला बसते. ती डावरी.
माऊस पलीकडं नेते, बटणं उलटी करते,
जाताना सुलटी.
परवा विसरली.

सकाळी गिऱ्हाईक आलं, डोकं भादरलेलं,
हातात वडलांचा फोटो, वीज जायच्या बेतात.
मी न बघता दाबलं, न बघता तिसरी ओळ,
न बघता गोल चौकटीत फोटो,
आणि छापलं.

कागद बाहेर आला तेव्हा म्हातारा
पंचवीस बिड्यांच्या बंडलावर बसलेला,
खाली कन्नडात: नकलीपासून सावध.

माझ्या पोटात गोळा.
तो बराच वेळ बघत राहिला.
‘हीच ओढत होता की वो,’ म्हणाला,
आणि हसता हसता बाकावर बसला.
तो कागदही घेऊन गेला, घडी न घालता.

शिवलीलानं आज चाकाला एक ओळ जोडलीय:
नोडु. म्हणजे, बघ.
दाबलं तर काहीच उघडत नाही.
दिवसातून दोनदा तरी दाबतो मी.