परत आणलेली बाटली

म्झुकिसी, ओळखलंस का मला?
गेल्या महिन्यात, पगाराच्या शुक्रवारी,
टॅक्सी रँकच्या भिंतीपाशी, मोजे आणि चार्जर विकणाऱ्यांच्या मधोमध
तुझ्याकडून दहा रँडला घेतली होती ही.
संत्र्याच्या सरबताची बाटली, लेबल खरवडलेलं,
आत दूध घातल्यासारखं पाणी.
'झुरळं? एका रात्रीत साफ,' म्हणालास.
आत काय आहे, मी विचारलं नाही.
तूही सांगितलं नाहीस, तुला तरी कुठे ठाऊक असणार.
टेबलाखाली बसून तुझी मुलगी
झाकणं मोजत होती, लाल एका बाजूला, हिरवी एका बाजूला.

खायेलित्शात आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या.
रात्री दिवा लावला की भिंतच सरकायची.
आणि उंदीर! झोपेत सासूच्या टाचेला चावला एक,
तेव्हापासून म्हातारी बूट घालून निजायची.
मला उपदेश नको होता कुणाचा.
मला एक सबंध रात्र हवी होती.

बाटली ठेवली फळीवर, तेलाच्या मागे.
सोमवारी कामावरून आले तर
लुथो दारात उभा. चार वर्षांचा.
दोन्ही हातांत बाटली, झाकण दातांत.
'ज्यूस,' म्हणाला, 'उघडतच नाही.'
मी दमून येते म्हणून
माझ्यासाठी उघडत होता तो.

झाकण घट्ट होतं, म्झुकिसी.
बस, एवढंच.
त्या दिवशी आई म्हणून जे काही करायचं,
ते झाकणानं केलं.

क्लिनिकमधल्या सिस्टर फेझेका ओरडल्या नाहीत.
त्याचे हात धुतले, तोंड धुतलं,
टॉर्च लावून डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या.
'या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या,
लाळ सुटली, घाम फुटला,
तर धावत यायचं. बघू सकाळपर्यंत, असं म्हणायचं नाही.'
रात्रभर मी त्याच्या पापण्या उचलून बघत होते.
ती सबंध रात्र मिळाली मला, ती अशी.

आता काय करतो ते ऐक.
पत्र्याच्या भोकांत तारेची घासणी कोंबली आहे,
उंदराला ती कुरतडवत नाही.
मक्याचं पीठ झाकणाच्या बादलीत.
निजण्याआधी मोरी कोरडी करते, फडकंसुद्धा पिळून बाहेर,
कारण झुरळ उपास काढतं, तहान काढत नाही.
फ्रिजच्या मागे जेलचे ठिपके, दुकानातून आणलेल्या,
ज्याच्या पाकिटावर नाव आहे, आणि मला ते वाचता येतं.
सापळ्याला पीनट बटर सासू लावते.
मेलेले तीच मोजते, बूट काढून ठेवलेत तिनं.

संपलेत असं नाही हं.
काल रात्री पुन्हा खरखर झाली.
शेजारच्या नोबंतूच्या भिंतीतून येतात,
म्हणून उरलेली घासणी तिला नेऊन दिली.
हसली ती. मग तिनंही कोंबली.
एका रात्रीत काही साफ होत नाही, रे.
तीन आठवडे लागले, आणि अजून लागतीलच.

नको, पैसे परत नकोत.
बाटलीही देणार नाही, तू पुन्हा विकशील.
गटारात ओतायची नाही, सिस्टरनी बजावलंय.
घातक कचरा घेतात त्या डेपोवर निघाले आहे, दोन टॅक्सी बदलून,
ही अशी डब्यात बंद करून, वर मोठ्या अक्षरांत विष लिहून.
तुला नुसती दाखवायला थांबले.
बाहेरूनच बघ, झाकणावर.
दिसतात का? चार बारीक दात.

आणि तुझे हात का थरथरतायत?
आज गार वारा तर नाही.
धू ते.
घरी गेल्यावर तिला उचलून घ्यायच्या आधी धू,
शर्ट वेगळा भिजव,
आणि ती झाकणं
तिच्या हातातून काढून घे.