मूठ

पवईच्या कार्यशाळेत माझ्या टेबलावर
सतरा मुठी पडल्यात.
सागाच्या, शिसवीच्या, एक रबराची,
एक त्या पांढऱ्या प्लास्टिकची, जी यंत्र रात्रभर
थरावर थर चढवून छापतं
आणि सकाळी कोमट हातात देतं.
अंडाकृती छेद. जाडी चौतीस मिलिमीटर.
मनगट मुरगळू नये म्हणून
पात्याच्या मानेला एकोणीस अंशांचा बाक.
हे सगळं नेरूरकर मॅडमच्या वहीतलं.
मी नुसता कातारी.
बत्तीस वर्षं लेथवर उभा,
उजव्या हाताची दोन बोटं थंडीत पांढरी पडतात,
त्यावर प्रबंध नाही.

आरेतल्या पाड्यावर मॅडमनी बेचाळीस बायकांचे हात मोजले.
तळव्याची रुंदी, अंगठ्याचा घेर,
शेवटी ते पकडीचा जोर दाखवणारं यंत्र.
जोरात पिळा, मॅडम म्हणाल्या.
लाडकी वर्ठा यंत्राकडे बघत राहिली.
"पिळते. पन यात पानी कुठंय?"
काटा सव्वीस किलोवर गेला.
मी लिहून घेतलं. पाण्याचं लिहिलं नाही.

मग बेरीज झाली, भागाकार झाला,
आणि एक हात निघाला
जो पाड्यावर कुणाचाच नव्हता.
त्या हातासाठी मी मूठ कातली.
अकरावी. तीच पुढे पास झाली.

ऑक्टोबरात भात पिवळं पडलं.
पाड्यामागे असेल बॅडमिंटनच्या मैदानाएवढा तुकडा,
एका अंगाला तबेल्यांचा वास,
दुसऱ्या अंगाला बत्तीस मजले काच
आणि काचेत उलटं पडलेलं तेच भात.
लाडकीनं नवा विळा हातावर तोलला,
बोंबील घेताना तोलतात तसा.
वाकली. चूड धरली. कापली.
मॅडमनी घड्याळ दाबलं.
दहा-बारा चुडांनंतर ती थांबली,
विळा बांधावर ठेवला अगदी नीट,
पाहुण्याची वस्तू ठेवतात तसा,
आणि कमरेचा जुना काढून
डाव्या हातात घेतला.

नंतर जे झालं ते कापणं म्हणावं का, माहीत नाही.
खर्र, खर्र, आणि रान मागे सरकत गेलं.

"तुम्ही डावऱ्या?"
"जल्माची."
"मग मोजताना बोलला नाहीत?"
"तुमी उजवा मागला. उजवा दिला."

फॉर्मवर खरंच उजवाच हात छापलेला होता.

तिचा विळा मी दोन दिवसांसाठी मागून आणला.
दाते उलट्या अंगाने पाडलेले,
सासऱ्याने कानशीने एकेक, म्हणाली.
मुठीवर सायकलची ट्यूब, ट्यूबखाली लुगड्याची चिंधी,
चिंधीखाली शिवणीचं लाकूड,
अंगठा बसून बसून पडलेला खळगा,
त्यात माझा अंगठा मावेना.
कॅलिपरचे जबडे कुठे टेकवावेत कळेना.
जिथे टेकवावेत तिथे वेगळाच आकडा.
लेथवर हे होत नाही.
लेथला गोलच येतं.

मॅडम म्हणाल्या, अहवाल गेलाय, निधी संपलाय,
डावरे हात पुढच्या टप्प्यात बघू.
बाई वाईट नाहीत. त्यांनाही वर कुणी आहे.
मी रात्री थांबलो आणि अठरावी केली,
मरफ्याने, मग कानशीने, डोळ्यांच्या अंदाजाने,
चुकत, पुन्हा घासत.

शनिवारी नेऊन दिली.
भात कधीच घरात गेलं होतं,
ती म्हशींसाठी गवत कापत होती.
मूठ डाव्या हातात धरली, मिटली, उघडली.
"जाड झाली जराशी."
मग गटाराकडेचा बाटलीचा तुकडा उचलला,
मांडी घातली
आणि काचेने मूठ खरवडायला लागली.
मी दुसरं टोक धरून बसलो.
बारीक भुगा तिच्या पायांवर, माझ्या पँटवर.
सकाळ गार होती.
तिची नजर माझ्या बोटांवर आली.
"हे काय झालं?"
लेथ, म्हटलं.
"हं," म्हणाली,
आणि धरलेलं टोक माझ्या हातातून सोडवून
स्वतःच्या पायाच्या बोटांत धरलं.