कपाट उतरवताना

माझगावात, डॉकयार्डच्या चढावरल्या इमारतीत
तिसऱ्या मजल्यावरून एक सागवानी कपाट खाली येतंय.
जिन्यात वळेना, म्हणून गॅलरीतून, दोरानं.
एवढीच गोष्ट. सव्वा वर्ष मी हीच लिहितेय.

आधी लिहिली सिबिल परेराच्या बाजूनं.
कपाट तिच्या आईचं. खणात अजून डांबरगोळ्यांचा वास.
सात हजारांना विकलं, आणि आता कठड्याशी उभी राहून
"सावकाश, मॅन, सावकाश" चाललंय.
प्रकरण बरं झालं. जरा जास्तच बरं.
खालचा हमाल त्यात नुसता 'एक हमाल' होता.

म्हणून मग मल्लप्पा. जतकडचा,
तळहातांना गोणपाट गुंडाळलेला.
त्याच्या लेखी कपाट कुणाच्या आईचं नाही, चार मणाचं.
मी लिहिलं : मी थांबले.
खोडलं. मी थांबलो.
एका कान्याचा फरक.
'ले'ला काना दिला की बाईचा पुरुष होतो
आणि खांद्यात कळ येते.
पण काना देणं सोपं.
ती उभी रेघ दोरासारखी धरून ठेवायची
तर हात सोलतात.
माझे सोललेले नव्हते. वाचताना कळत होतं.

सिबिल वरून म्हणते, "आपण हळू सोडू या."
त्या 'आपण'मध्ये मल्लप्पा आहे का?
दोर त्याच्या हातात, म्हणजे असावा.
चहा एकच कप आला, म्हणजे नसावा.

मैत्रीण म्हणाली, एका परिच्छेदात दोघांच्या डोक्यात शिरू नकोस,
वाचक भोवंडतो. पाट्या लाव.
लावल्या. सिबिल. मल्लप्पा. टेम्पोवाले हाशमभाई
(दीड पान. त्यांना तेवढं पुरलं, गाडी नो पार्किंगला होती).
परत सिबिल.
मीटर बघायला आल्यासारखी दारोदार फिरले,
सगळ्यांनी आत घेतलं,
कपाट मात्र जागचं हललं नाही.

आणि त्याच्या दारावरचा तो पुरुषभर आरसा.
फोडायचा मोह कितीदा झाला!
तुकड्यातुकड्यांत एकेक चेहरा, शेवट आयता.
नाही फोडला.
मल्लप्पाच्या हातांचा अपमान झाला असता.

काल रात्री दोर कप्पीत अडकला.
मी नाही अडकवला, शप्पथ.
कपाट दुसऱ्या मजल्यासमोर लोंबकळत राहिलं,
आरसा खिडकीकडे करून.
आत नारिंग्रेकर. अकरा महिने पलंगाला खिळलेले.
त्यांना नाव दिलं होतं ते फक्त जिन्याखालच्या पत्रपेटीसाठी.
त्यांनी पाहिलं : खिडकीबाहेर, हवेत,
दाढी वाढलेला एक म्हातारा पलंगावर पडलाय,
आणि त्याच्या उशामागे भिंत,
जी त्या पलंगावरून कधीच दिसत नाही.
तिच्यावर कॅलेंडर. अजून मार्च.

सिबिलला वरून कपाटाचा माथा दिसतोय,
मल्लप्पाला बूड.
नारिंग्रेकर हात वर करतात.
समोरचाही करतो.

आता ह्यांचं प्रकरण लिहायचं
तर तेवढा वेळ कुणीतरी दोर धरायला हवा.
किती पानं, ते विचारायला
मी कठड्यावरून वाकले.
मल्लप्पानं वर पाहिलं नाही.
"बिगीबिगी लिव्हा, बाई," म्हणाला.