हौदा

आर्व्हिड टॉलफसनच्या गोठ्यामागे
तो वर्षानुवर्षं नाक जमिनीला टेकवून उभा होता.
गाईंसाठी मिठाच्या विटा वाहिल्या त्यानं,
कुंपणाचे खांब, एकदा मेलेलं वासरू,
नंतर काहीच नाही.
"दोनशे डॉलर," आर्व्हिड म्हणाला,
"आणि तुझ्या बीटच्या लोणच्याची बरणी."
दीडशेला तुटला सौदा.
बरण्या मात्र दोन गेल्या.

बर्न्स गावातल्या शाळेच्या बसगाड्या
एकतीस वर्षं दुरुस्त केल्यात मी.
चाक हातानं फिरवलं की कळतं
बेअरिंग काय म्हणतंय.
हे एकदाच बोललं,
दाताखाली खडा आल्यासारखं,
आणि बसलं घट्ट तोंड मिटून.

रंग खरवडत गेलो.
वर शेतातला लाल, त्याखाली वाळूचा पिवळट,
त्याखाली हिरवा,
त्याखाली पुन्हा हिरवा, किंचित वेगळा,
आणि सगळ्यांत खाली पांढरे आकडे:
चार, एक,
तिसरा सहा असेल, नाहीतर आठ.
"शोधून काढू," तिओ म्हणाला,
"कुठली पलटण, कुठली लढाई."
सतरा वर्षांचा आहे शेजारचा तिओ.
त्याला प्रत्येक लोखंडात लढाई हवी असते.
मी म्हटलं, बटाटे वाहिले असतील.
सैन्यही जेवतं बाबा.

तळाच्या उजव्या कोपऱ्यात
तळहाताएवढं ठिगळ सापडलं.
वेल्डिंग असं, की माझ्या पहिल्या फोरमननं
मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.
कुठे जळलेलं, कुठे नुसतं टेकवलेलं,
थेंबावर थेंब, वाकडी चाल.
अंधारात केलं असेल, किंवा बोटं गारठलेली,
किंवा कुणी पोरगा
आयुष्यात पहिल्यांदाच मशाल धरून.
ग्राइंडर चालू केला.
बंद केला.
हौदा पाण्यानं भरून ठेवला रात्रभर,
सकाळी खाली जमीन कोरडी.
मग त्याला हात लावायचा अधिकार
मला कुणी दिला?

बाकी सगळं बदललं.
आस रुंद केला, जीपच्या चाकांच्या ओळीत आणला.
पाटे नवे, ग्रीस नवं, टायर जाडजूड,
पाण्याची टाकी पुढच्या अंगाला,
वर शेडच्या पाइपांचा सांगाडा, तंबूसाठी.
कडी तेवढी जुनीच,
तिच्यात माझी मूठ जाते आणि अडकते.

भांडण झालं ते मागच्या भिंतीवरून.
तिओ म्हणाला, कापू या, दार करू,
उभ्या उभ्या स्वयंपाक होईल.
खडूनं रेघसुद्धा मारली.
माझे गुडघे त्याच्या बाजूनं होते.
पण तळाला दोन बुचं आहेत, मी म्हटलं,
हा तरंगायला बनवलाय.
कागदावर रेषा मारताना कुणाच्या तरी मनात
नदी आली होती.
"आपण वाळवंटात चाललोय," तिओ म्हणाला.
बरोबर होतं त्याचं.

मे महिन्यात निघालो.
स्टीन्सच्या डोंगरावरचं बर्फ वितळत होतं
आणि नकाशातला बोटभर ओढा
जीपच्या दारांच्या निम्म्यावर आला होता.
परतायला हवं होतं. परतले नाही.
मधोमध मागचा ओढा एकदम संपला,
माझ्या पाठीला कळलं ते आधी.
आरशात पाहिलं:
तो उचलला गेला होता,
म्हातारं बदक पाण्यात उतरावं तसा
डावीकडे सरकत, सांगाडा डुलवत,
चार सेकंद, पाच,
मग चाकं दगडांना लागली
आणि पुन्हा त्याचं वजन आमचं झालं.

पलीकडे तिओनं बूच काढलं.
आतून लाल ठिबकलं.
पोरगा पांढरा पडला, एक अक्षर बोलेना.
मग व्हिनेगरचा वास आला.

बरणी फुटली होती.
काचा वेचायला
मी ती भिंत ओलांडून आत चढले,
आधी एक गुडघा, मग शिवी, मग दुसरा.
खडूची रेघ निम्मी धुतली गेली होती.
उरलेली निम्मी
तिओनं पाहिली, मीही पाहिली,
आणि दोघंही चहाचं आधण ठेवायच्या मागे लागलो.