डाव्या सीटवरून

आडत्याच्या जुन्या पट्टीच्या पाठीवर
मी यादी लिहिते आहे.
जरूडच्या नाक्यावर, कलीम मिस्त्रीच्या टिनाखाली
आमची जीप ठोकळ्यांवर चढवलेली,
चाकं काढलेली, बोनेट उघडं,
दात दाखवायला आलेल्या म्हातारीसारखी.

हातात अठरा हजार.
आंबियाची तोड सुरू व्हायला पंधरा दिवस.
मग रात्री-बेरात्री फोन:
बेनोड्याच्या पांदणीत ट्रक फसला,
एक्सलपर्यंत काळी माती,
वर क्रेट, क्रेटांवर मजूर झोपलेले.
या लवकर. पैशाचं पाहू.

हे म्हणतात, लिही, विंच.
मी लिहिते विंच.
पुढे आकडा लिहीत नाही.
मग म्हणतात, दोन्ही दारांवर नाव रंगवू,
खाली मोबाइल नंबर, पिवळ्या अक्षरांत.
तेही लिहिते.
माणसाला यादीत तरी मिळावं काही.

मिस्त्री गाडीखाली. त्याचे पायच तेवढे दिसतात,
आणि एका टाचेला चिकटलेलं ग्रीस.
पायच बोलतात:
"देवमनभाऊ, पहिले थांबनं पाहा.
ओढनं मंग."

हे काही बोलत नाहीत.
मुलताईकडची ती उतरण आठवली असणार.
मागे दोराला बांधलेली पिकअप,
दीड टन संत्री, इंजिन बंद,
तिच्या ड्रायव्हरच्या पायाखाली ब्रेक दगड झालेला.
चढावर आपण ओढत होतो तिला.
उतार लागला आणि तीच आम्हाला ढकलू लागली.
पेडल तळाला टेकलं, भिजल्या वावरात पाय जावा तसं.
ह्यांनी फोर-व्हील टाकला, लो गिअर टाकला,
डोंगराच्या कुशीला बंपर घासत घासत नेला.
थांबल्यावर आम्ही दोघं खाली उतरलो
आणि उगाच सांडलेली संत्री वेचत बसलो.

म्हणून एक नंबर: ब्रेक.
मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे लायनर. बेचाळीसशे.
दोन: मागचा हुक. चेसिसला तडा गेलाय,
नुसत्या वेल्डिंगने भागणार नाही, पट्टी मारावी लागेल. नऊशे.
तीन: पुढच्या शाफ्टचा क्रॉस,
लिव्हर ओढला की टकटक वाजतो तो.
"चिखलात हाच दगा देईन, वैनी, अंडरलाइन मारा."
मारली. सोळाशे.
टायर दोन, वापरलेले, पण नक्षी शिल्लक असलेले. सात हजार.
क्लच?
"एक सीझन निघते. अर्ध्या क्लचवर नाचवू नोका फक्त."
ह्यांनी दुसरीकडे पाहिलं.
रेडिएटरचं भोक मागच्या उन्हाळ्यात हळद टाकून बुजवलंय.
मी म्हटलं, हळद पुन्हा टाकू.
मिस्त्री म्हणाला, "मंग वरण बी टाका."
झाळून घ्यायचे आठशे.

बेरीज चौदा हजार पाचशे.
विंच मी खोडली. नाव खोडलं.
उरले ते डिझेलला, पहिल्या फेऱ्यांच्या.

डाव्या दाराची कडी यादीत नव्हती.
सात वर्षं ते दार
क्रेटच्या नायलॉन दोरीने बांधलेलं आहे.
वळणावर मी ते कोपराने धरते,
मांडीवर बॅटरी, पायाशी पाण्याचा कॅन,
आणि आरशात मागच्या गाडीचे दिवे मोजते.
थांबण्यात किंवा ओढण्यात
त्या कडीचा काही हात नाही.
मिस्त्रीच्या हिशोबाने बरोबर आहे.
माझ्याही.

संध्याकाळी चाकं चढली.
नाक्यापर्यंत फिरवून पाहिली.
ह्यांनी रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम ब्रेक मारला
आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली,
इतकी की माझं कपाळ काचेला लागलं.
हे हसले. मीही.
कोपर दाराकडे आधीच गेलेलं होतं.

घरी आल्यावर यादी डब्यात ठेवताना
सगळ्यात खाली, अगदी बारीक,
आकडा न घालता लिहिलं:
कडी.
आणि खोडलं नाही.